मोराची अंडी, खुडूक कोंबडी आणि दोन हजार वर्षांचा हिशोब

आज शेतातली नोंद थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आषाढात लावणीच्या गडबडीत रोह्याकडून भाच्याचा फोन आला. वरकस जमिनीच्या कडेला गवत कापताना करवंदाच्या जाळीशी विळा थांबला. समोरून लांडोर फडफडत उठली आणि खाली पाच अंडी. कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी, फिकट पिवळसर, जाड कवचाची.

"मामा, आमची एक कोंबडी चार दिवस झाले खुडूक बसलेय. घालू काय तिच्याखाली? लांडोर तर पळाली. अंडी फुकट जातील, मुंगूस खाईल."

मी म्हटलं, "हात लावू नकोस. कापलेलं गवत होतं तसं वर टाक आणि तिथून बाजूला हो. संध्याकाळी बोलू."

त्याला पटलं नाही हे आवाजावरून कळलं. त्याचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. हाच प्रश्न माणसाने दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी विचारलाय, त्याची उत्तरं लिहून ठेवलीयत, आणि त्यातली बरीच आज आपल्या खुराड्यात उपयोगी पडतात. म्हणून हा सगळा इतिहास लिहायला घेतला. भाच्याला तेव्हा फोनवर अर्धवट सांगितलं होतं, आता पूर्ण सांगतो.

मोर परदेशी गेला

मोर मूळचा आपला, म्हणजे भारत-श्रीलंकेकडचा. त्याला परदेशी नेलं व्यापाऱ्यांनी. पाली जातककथांत 'बावेरू जातक' नावाची गोष्ट आहे. बावेरू म्हणजे बॅबिलोन. आपल्याकडचे व्यापारी आधी तिथे कावळा घेऊन जातात, तिथल्या लोकांना त्याचंच कौतुक. पुढच्या खेपेला मोर नेतात आणि कावळ्याची किंमत संपते. गोष्ट आहे, पण समुद्रापार मोर विकायला नेत होते ही आठवण तिच्यात आहे.

तिथून पुढे मोर ग्रीकांकडे पोचला. सामोस बेटावर हेरा देवीच्या देवळात मोर पाळलेले असत. इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्स शहरात पायरिलॅम्पीस नावाच्या श्रीमंत माणसाकडे मोर होते, त्याच्यानंतर मुलाने ते सांभाळले. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी लोकांना बघायला आत सोडत. त्या मोरांवरून कोर्टात खटला झाला, त्यातल्या भाषणाचे तुकडे आजही आहेत. त्यात म्हटलंय की स्पार्टा आणि थेसलीसारख्या लांबच्या मुलखांतून लोक हे पक्षी पाहायला येत, आणि जमलं तर अंडी मिळवायचा प्रयत्न करत.

बघा, माणसाची नजर पहिल्यापासून अंड्यावरच. मोर नेणं कठीण. अंडं टोपलीत घालून नेता येतं, घरच्या कोंबडीखाली ठेवता येतं. पण अंड्यात जीव आहे की नाही, हे कळणार कसं?

पहिली नोंदवही

यावर नीट लिहिणारा पहिला माणूस अ‍ॅरिस्टॉटल, इ.स.पू. चौथ्या शतकातला. प्राण्यांवरच्या त्याच्या ग्रंथात मोरावर एक छोटी नोंद आहे, आणि ती वाचताना एखादा अनुभवी कोंबडीवाला बोलतोय असं वाटतं.

तो म्हणतो, मोर साधारण पंचवीस वर्षं जगतो. तिसऱ्या वर्षी वीण सुरू होते आणि त्याच सुमारास रंगीत पिसारा येतो. लांडोर वर्षातून एकदाच अंडी घालते, बारा किंवा थोडी कमी. रोज घालत नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते. पहिल्या वर्षीची लांडोर आठेक घालते. अंडी फुटायला तीस दिवस किंवा थोडे जास्त लागतात.

पाळणारे लोक अंडी कोंबडीखाली ठेवतात, हेही तो लिहितो. कारण काय, तर बसलेल्या लांडोरीवर मोर धावून जातो आणि अंडी फोडतो. कोंबडीखाली फक्त दोनच अंडी ठेवायची, जास्त तिला झाकता येत नाहीत. तिचं खाणं जवळच ठेवायचं, म्हणजे ती उठून जात नाही.

आणखी एक गोष्ट त्याने टिपली. लांडोर 'वाऱ्याची अंडी'ही घालते. म्हणजे नराशिवाय घातलेली, ज्यातून पिल्लू निघत नाही अशी. आपण त्याला वांझ अंडं म्हणतो. वरून बघितलं तर दोन्ही सारखीच.

इथे आपल्याकडच्या एका समजुतीबद्दल बोलून टाकतो. मोर ब्रह्मचारी असतो आणि लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते, असं आपल्याकडे अजून सांगतात. २०१७ साली राजस्थानात एका न्यायमूर्तींनीही तसं बोलून दाखवलं आणि देशभर चर्चा झाली. खरं एवढंच की मोर-लांडोरीचा संग कोंबडा-कोंबडीसारखाच असतो. नर पाठीवर चढतो, दोघांची शेपटीखालची द्वारं क्षणभर टेकतात आणि काम होतं. काही सेकंदांची गोष्ट, तीही पावसाळ्याच्या तोंडावर आडोशाला, म्हणून फार जणांनी पाहिलेली नसते. अश्रूंनी अंडं फळत असतं तर अ‍ॅरिस्टॉटलला वाऱ्याचं अंडं वेगळं लिहावं लागलं नसतं.

रोमचा मोरधंदा आणि आपलं चौल

ग्रीकांनी मोर हौसेने ठेवला. रोमन लोकांनी त्याचा धंदा केला. हॉर्टेन्सियस नावाच्या वकिलाने एका मेजवानीत पहिल्यांदा मोर वाढला आणि मग प्रत्येक श्रीमंताला तो पाहिजे झाला. प्लिनी लिहितो की मोर खाण्यासाठी पोसायची सुरुवात ऑफिडियस लुर्को या माणसाने केली, साधारण इ.स.पू. ६७ च्या सुमारास. त्यातून त्याला वर्षाला ६० हजार सेस्टर्स मिळत.

व्हॅरो नावाच्या लेखकाने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. त्यात भाव दिलेत. मोराचं एक अंडं ५ दिनार, एक पक्षी सहज ५० दिनार. तो म्हणतो, एवढा भाव मेंढीलाही नाही. त्या काळात रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ दिनार होता. म्हणजे एका अंड्याला सैनिकाचे आठ दिवस, आणि एका पक्ष्याला पावणेतीन महिने!

व्हॅरोने हिशोबही मांडलाय. शंभर पक्ष्यांच्या कळपातून ४० हजार सेस्टर्स सहज सुटतात, आणि एकेका लांडोरीमागे तीन पिल्लं मिळाली तर ६० हजार. एका दिनारला चार सेस्टर्स. तीनशे पिल्लं गुणिले पन्नास दिनार म्हणजे १५ हजार दिनार, म्हणजेच ६० हजार सेस्टर्स. हिशोब तंतोतंत जुळतो. आता विचार करा, लांडोरीमागे तीन ऐवजी दोनच पिल्लं निघाली तर उत्पन्न एक तृतीयांशाने खाली. सगळा धंदा किती अंडी फळली यावर उभा. पोल्ट्रीचं गणित आजही तेच आहे, फक्त आकडे बदललेत.

आता आपल्या गावाकडे या. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेली 'पेरिप्लस' ही व्यापाराची वही आहे. त्यात कल्याणच्या खालच्या बंदरांत पहिलं नाव सेमिल्ला, म्हणजे आपलं चौल. रेवदंड्याची खाडी, कुंडलिकेचं मुख, समोर कोर्लई, याच पाण्यात ती गलबतं येत असणार. मला आधी वाटलं होतं की या यादीत मोर नक्की सापडेल. कापड आहे, मिरी आहे, हस्तिदंत आहे. मोर नाही.

कारण उघड वाटतं. तोपर्यंत रोमन लोकांच्या घरीच मोरांची पैदास चालू होती. त्यांनी अंडं उबवायची विद्या पक्की केली, मग पक्षी समुद्रावरून आणायची गरज कशाला? एकदा बियाणं घरी तयार व्हायला लागलं की बाजार बंद होतो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

कोलुमेलाची रीत, आणि आजीची

ती विद्या नेमकी कोणती, हे कोलुमेलाने लिहिलंय. हा स्पेनमधल्या कादिझचा, पहिल्या शतकातला, स्वतः शेती करणारा. त्याचं शेतीवरचं मोठं पुस्तक आहे, त्यातला मोराचा भाग मी दोनदा वाचला. सार असं:

एक. एका मोरामागे पाच लांडोरी. लांडोरी कमी असतील तर मोर एकीलाच सारखा त्रास देतो आणि अंडी पोटातच खराब होतात.

दोन. विणीचा काळ आला की घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे गरम राखेत हलके भाजून दर पाचव्या दिवशी द्यायचे, म्हणजे पक्षी लवकर माजावर येतात. हे वाचून मला आपले पोपटीतले वाल आठवले. मोराला वाल आवडतो हे तर आपल्या शेतकऱ्याला फार चांगलं ठाऊक आहे, तेही रडत रडत!

तीन. अंडी उचलत राहिलं तर लांडोर एका वर्षात तीनदा घालते. पहिल्यांदा पाच, मग चार, मग दोन-तीन. अंड्यावर तिला बसूच द्यायचं नाही, ते काम कोंबडीचं.

चार. आणि हे सगळ्यात हुशारीचं. मोराच्या अंड्याला तीस दिवस, कोंबडीच्या अंड्याला एकवीस. तर मोठ्या अंगाच्या कोंबडीखाली नऊ अंडी ठेवायची: पाच मोराची, चार कोंबडीची. दहाव्या दिवशी कोंबडीची चारही काढून टाकायची आणि चार ताजी ठेवायची. म्हणजे तिसाव्या दिवशी सगळी एकदम फुटतात.

पाच. मोराचं अंडं मोठं, ते कोंबडीला नीट फिरवता येत नाही. म्हणून माणसाने हाताने फिरवायचं, आणि कुठली बाजू वर होती ते कळायला शाईने खूण करायची.

सहा. इटलीभोवतीची छोटी बेटं मोरांना उत्तम. लांब उडून जात नाहीत, चोर नाही, जनावर नाही. आपल्या खांदेरी-उंदेरीवर कुणी मोर सोडावेत तसं.

चौथा मुद्दा वाचला आणि मी हसलो. आमची आजी बदकाची अंडी कोंबडीखाली अशीच घालायची. बदकाला अठ्ठावीस दिवस, कोंबडीला एकवीस. म्हणून बदकाची अंडी आज ठेवली की कोंबडीची पुढच्या आठवड्यात त्याच वारी ठेवायची. कोळशाने अंड्यावर खूणही करायची. तिने कोलुमेला ऐकला नव्हता, तिला लिहायला-वाचायलाही येत नव्हतं. तिला आठवडे मोजता येत होते आणि कोंबडी कळत होती.

अ‍ॅरिस्टॉटल दोन अंडी म्हणतो, कोलुमेला पाच. यात खरं कोण? दोघेही. मोराचं अंडं शंभर ग्रॅमच्या आसपास, गावठी कोंबडीचं चाळीस-पंचेचाळीस. लहान अंगाच्या कोंबडीच्या पोटाखाली दोन-तीनच नीट झाकतात, मोठ्या अंगाची जास्त घेते. कडेला राहिलेलं अंडं गार पडतं आणि मग आपण म्हणतो 'अंडं वांझ निघालं'. ते वांझ नव्हतं, आपण मारलेलं असतं.

आजचं शास्त्र काय म्हणतं

जुन्या नोंदी आणि आजचं शास्त्र बऱ्याच ठिकाणी जुळतं. मोर साधारण तिसऱ्या वर्षी पिसारा पूर्ण झाल्यावर फळतो, लांडोर दोन वर्षांची झाली की घालू लागते. उबवणीला अठ्ठावीस ते तीस दिवस. रानात मोर अंड्याकडे फिरकत नाही, सगळं लांडोरच करते. बंदिस्त जागेत मात्र नर-मादी एकत्र कोंडले की अंडी फुटायची भीती असते. अ‍ॅरिस्टॉटलने पाहिलेले मोर पाळलेलेच असणार.

एक गोष्ट जुन्यांना माहीत नव्हती. मादीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, त्यात नराचे शुक्राणू साठून राहतात. कोंबडीत साधारण दोन आठवडे, टर्कीत तर कित्येक आठवडे. म्हणजे कोंबडा आज कापला तरी पुढचे आठ-दहा दिवस अंडी फळलेली येऊ शकतात. उलटंही खरं. नवा कोंबडा आणला तरी काही दिवस पिल्लं जुन्याचीच निघू शकतात. चांगल्या जातीचा कोंबडा आणून लगेच अंडी बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, दोन-तीन आठवडे थांबावं.

मोराच्या पिसाऱ्याचा आणि अंड्यांचा संबंध मॅरियन पेट्री यांनी इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड उद्यानात तपासला. १९९१ च्या अभ्यासात ज्या मोराच्या पिसाऱ्यात डोळे जास्त, त्याच्याकडे लांडोरी जास्त आल्या. पुढे १९९३ मध्ये दिसलं की मोठ्या पिसाऱ्याच्या मोराशी जोडी झाली तर लांडोर अंडीही जास्त घालते. १९९४ मध्ये अशा मोरांची पिल्लं जास्त जगल्याचंही आलं. जपानमध्ये मात्र सात वर्षं निरीक्षण करून २००८ साली दुसऱ्या अभ्यासकांनी लिहिलं की त्यांच्याकडे लांडोरींची अशी निवड दिसली नाही. वाद अजून चालू आहे. दोन वाड्यांत एकच खत वेगळं लागू पडतं, तसंच हे.

मग आपल्याकडे मोर का पाळला नाही?

हा प्रश्न मला जास्त खोल वाटतो. मूळ पक्षी आपला. कोंबडी आपली. उबवायची रीत आजीला ठाऊक. तरी आपल्याकडे मोराच्या अंड्यांचा धंदा झाला नाही.

आपल्याकडे मोर खाल्लाच नाही असं नाही. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात स्पष्ट लिहिलंय की राजाच्या मुदपाकखान्यात आता रोज फक्त दोन मोर आणि एक हरीण मारतात, पुढे तेही मारणार नाहीत. हा इ.स.पू. तिसऱ्या शतकातला मजकूर. त्याच अशोकाचे लेख आपल्या सोपाऱ्यालाही सापडलेत, म्हणजे हा किनारा त्या राज्यापासून लांब नव्हता.

पण आपल्याला मोर पैदा करावा लागला नाही, कारण तो होताच. माळावर होता, बांधावर होता, देवळाच्या राईत होता. रोमन माणसाला पिंजरा लागला, आपल्याला एक चिंचेचं झाड पुरलं. शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली बघा. गावात चिंचा राखल्या, मोर त्यावर वस्तीला राहिले, सकाळी शेतात उतरतात. कुणी अंडं उचललं नाही, कुणी कोंबडी बसवली नाही, तरी मोर टिकले. लांडोरीला जाळी आणि शांतता दिली की बाकीचं ती बघते, ही आपली रीत.

एक मजेची गोष्ट सांगतो. पुढे युरोपच्या ताटातून मोर हळूहळू गेला तो टर्कीमुळे. टर्की अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या गोव्यातून १६१२ साली ती जहांगीर बादशहाच्या दरबारात पोचली आणि त्याने कौतुकाने तिचं वर्णन लिहून मन्सूर या चितारीकडून चित्रही काढवून घेतलं. म्हणजे आपला मोर पश्चिमेला गेला आणि मोराची जागा घेणारा पक्षी पश्चिमेकडून आपल्याकडे आला. आपल्या रेवदंड्याच्या किल्ल्यात तेव्हा पोर्तुगीजच होते, १७४० पर्यंत.

१९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मोर पहिल्या अनुसूचीत गेला, वाघासोबत. त्या कायद्याच्या व्याख्येत पक्ष्याचं अंडंही 'प्राणी'च धरलंय. आणि 'शिकार' या शब्दात अंडी खराब करणं, अंडी किंवा घरटं हलवणं हेही येतं. म्हणजे भाच्याने चांगल्या मनाने पाच अंडी उचलून कोंबडीखाली ठेवली असती तरी कायद्याने ती शिकारच. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. गळून पडलेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही. अंडं, पिल्लू, जिवंत मोर मात्र नाही. अमेरिकेत, इंग्लंडात लोक मोर पाळतात, अंडी विकतात, व्हिडिओ टाकतात. ते बघून इथे करायला जाऊ नका.

शेतकऱ्याची दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. वालाचे कोंब, नाचणीची कणसं, मिरचीची रोपं, मोर सगळं टोचतो. २०१६ मध्ये गोव्यात मोराला उपद्रवी प्राण्यांत घालायचा विचार पुढे आला आणि मोठा गदारोळ झाला. राग समजतो. पण रागाने विष घातलेलं बियाणं टाकू नका. एक मोर मेला की तुमचं कोंबडं आणि कुत्रंही त्याच दाण्याने मरतं.

आजोबांची चार अंडी

आता मी भाच्याला एवढ्या ठामपणे नाही का म्हटलं, त्याचं खरं कारण. कायदा हे अर्धं कारण आहे.

वडील सांगायचे, कायदा यायच्या आधीच्या काळात आजोबांनी डोंगरातून मोराची चार अंडी आणली होती. आजीने खुडूक कोंबडीखाली घातली. तीन फुटली. घरात आनंदच. वडील शाळेतून धावत यायचे पिल्लं बघायला. पिल्लं कोंबडीमागे अंगणभर फिरायची, तिच्यासारखी उकिरडा उकरायची. महिना-सव्वा महिन्यात एकेक करून पंख पाडून बसू लागली. विष्ठा गंधकासारखी पिवळी. तिन्ही गेली. कोंबडीला काही झालं नाही. आजी म्हणाली, रानाचा जीव घरात राहत नाही.

पुष्कळ वर्षांनी टर्कीच्या रोगांवर वाचताना मला हे वर्णन भेटलं. ब्लॅकहेड म्हणतात त्याला. याचा सूक्ष्म जीव कोंबडीच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यातून पसरतो. कोंबडी बहुतेक वेळा तगून जाते, पण टर्की आणि मोर पटकन मरतात. पिवळी विष्ठा ही त्याची खूण. आजोबांच्या पिल्लांना तोच रोग होता हे आज सिद्ध करता येणार नाही. पण जी कोंबडी मोराची दाई, तीच त्याचं दुखणं घेऊन येते, हे खरं आहे. आणि जगलं असतं तरी ते पिल्लू कोंबडीलाच आई समजलं असतं. त्याला कोल्हा कळला नसता, ससाणा कळला नसता. ते रानाचंही राहिलं नसतं आणि घराचंही झालं नसतं.

रोह्याच्या जाळीत पुढे काय झालं

संध्याकाळी भाच्याने लांबूनच बघितलं. जाळीत काही हललं नाही. त्याने फोन करून ऐकवलं, "मामा, तुझ्यामुळे पाच जीव गेले."

मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर रात्री मलाही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. लांडोर बसली होती. त्याने तेवढा तुकडा न कापता सोडला, गुरं तिकडे जाऊ दिली नाहीत, कुत्रं बांधून ठेवलं. मधे एकदा अंडी चारच दिसली, एक कुणीतरी नेलं. श्रावणात एके दिवशी जाळीत नुसती कवचं होती. पुढे आठवड्याने बांधावर लांडोरीमागे दोन पिल्लं दिसली. पाचाची दोन. कोलुमेला म्हणाला असता, धंदा बुडाला. मी म्हणतो, रानाच्या हिशोबात हे बरं पीक आहे.

या इतिहासातून आपण काय घ्यायचं

मोर रानात राहू द्या, त्याच्यावर शिकलेली विद्या आपल्या कोंबडीला लावा. गावठी कोंबडी, बदक, टर्की, यांना कायद्याची आडकाठी नाही.

१. गावठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा, चपळ कोंबडा पुरे. दोन कोंबडे ठेवले तर भांडणात संग राहून जातो.

२. बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. उन्हाळ्यात माठातल्या ओल्या रेतीवर टोपली ठेवून त्यात ठेवा, रुंद बाजू वर. अंडी धुऊ नका.

३. कोंबडीच्या अंगाएवढीच अंडी. पंखाबाहेर एकही दिसता कामा नये.

४. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर फळलेलं. आरपार स्वच्छ दिसलं तर वांझ. आत नुसतं रक्ताचं कडं असेल तर जीव सुरू होऊन मेलेला. वांझ जास्त निघाली तर कोंबड्याकडे बघा. कडी जास्त निघाली तर साठवण आणि ऊब तपासा. 'अंडी फळत नाहीत' म्हणून कोंबडा बदलणाऱ्यांपैकी निम्म्यांची चूक साठवणीत असते, असा माझा अनुभव.

५. बदक किंवा टर्कीची अंडी कोंबडीखाली घालायची तर अठ्ठावीस दिवस धरा, कोंबडीची सात दिवसांनी घाला. मोठी अंडी दिवसातून दोन-तीनदा हाताने फिरवा, कोळशाने खूण करा.

६. टर्कीची पिल्लं फुटली की कोंबड्यांपासून वेगळी, शक्य तर ज्या जमिनीवर कोंबड्या फिरल्या नाहीत तिथे ठेवा. आजोबांच्या अंगणाची गोष्ट विसरू नका.

७. आणि शेतात मोराचं घरटं दिसलं तर भोवतीचं गवत महिनाभर राहू द्या. लांडोर जखमी किंवा मेलेली असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. स्वतः अंडी उचलू नका.

या पावसाळ्यात भाच्याने तो तुकडा मुद्दाम राखलाय. परवा म्हणाला, "मामा, चार हात जागा गेली, पण बायको रोज सकाळी आवाज ऐकते." त्याची खुडूक कोंबडी यंदा बदकाच्या सहा अंड्यांवर बसलेय, आजीच्याच रीतीने. सातव्या दिवशी बॅटरी लावून बघितली, पाचात शिरा आहेत.

तुमच्याकडे कोंबडीखाली दुसरी अंडी घालायची काय रीत आहे, किती दिवस धरतात, वांझ अंड्याला काय म्हणतात, जरूर कळवा. म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. हे त्यांच्याबरोबर जाता कामा नये.